वाद्यांचे वैद्य

कृष्णाकाठच्या सांगलीपासून अवघ्या दहा किलोमीटरांवर मिरज हे जुने गाव आहे. पूर्वी तेथे पटवर्धनांचे संस्थान होते. 1949 साली संस्थाने विलीन होऊन दक्षिण सातारा नावाचा जिल्हा झाला, त्यात मिरज आले. आणि 1960 साली त्याच जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. या गावात सतारमेकर गल्ली नावाची एक गल्ली आहे. गल्लीत शिरताच प्रथम दृष्टीस पडतात ते भोपळे. कोठे ते ओळीने टांगलेले असतात, कोठे अर्धे कापून ठेवलेले असतात. हे भोपळे खाण्याचे नव्हेत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या रानात पिकणारे, जाड सालीचे, कडू असे हे फळ उन्हात वाळले की लाकडासारखे कठीण होते, आणि कारागिराच्या हाती पडले की त्याचा तंबोरा होतो.

या गल्लीचा उगम मोठा मौजेचा आहे. येथील कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी, भाले, जंबिये यांना धार लावणारे व शस्त्रे घडविणारे लोक होते. पेशवाई गेली, लढाया थांबल्या, आणि शस्त्रांना गिऱ्हाईक उरले नाही. त्या काळी मिरजेच्या दरबारी येणाऱ्या गवयांची वाद्ये मोडली की ती दुरुस्तीसाठी थेट उत्तर हिंदुस्थानात पाठवावी लागत. 1850 च्या सुमारास फरीदसाहेब नावाच्या एका शिकलगाराने असे मोडके वाद्य हाती घेतले. ते उकलून, नीट पाहून त्याने दुरुस्त केले, आणि मग तसेच नवे वाद्य घडविण्याचा ध्यास घेतला, असे सांगतात. ज्या हातांनी पोलादाला धार लावली, त्यांनीच पुढे लाकडातून सूर काढला. 2024 साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे मूळ त्या एका दुरुस्तीत आहे.

अशा या गावात 1899 सालच्या आगेमागे एक तरुण गवई आला. अंगाने सडसडीत, बोलण्यात मृदू, आवाज बारीक पण अतिशय गोड. त्याचे नाव अब्दुल करीम खाँ.

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म 11 नोव्हेंबर 1872 रोजी उत्तर प्रदेशातील कैराना या गावी झाला. या गावाच्या नावावरूनच त्यांच्या गायकीला किराणा घराणे म्हणतात. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांनी गाणे शिकण्यास आरंभ केला. घरात पिढ्यान् पिढ्या गाणे आणि सारंगी असल्यामुळे सूर हा त्यांच्या परिचयाचा, घरचाच होता. गळ्याबरोबर त्यांनी हातही तयार केला. सारंगी, बीन, सतार, तबला या सर्वांवर त्यांचा हात चाले. वाद्य नुसते वाजविण्यात त्यांचे समाधान नसे. त्यातून नाद कसा निघतो, आज तो गोड का लागला आणि काल बद्द का लागला, हे शोधण्याची त्यांना विलक्षण हौस होती.

तारुण्यात ते आपल्या भावासह बडोद्याच्या दरबारी होते. तेथून निघून मुंबईमार्गे ते दक्षिणेकडे वळले. ते दिवस प्लेगचे होते. गावेच्या गावे ओस पडत होती. माणसे घरे सोडून माळावर झोपड्या बांधून राहत होती. मिरजेत खाँसाहेबांच्या कुटुंबावरही दुखण्याचे संकट आले. तेथील ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांनी गाऊन सेवा केली आणि दुखणे टळले, अशी श्रद्धा त्यांच्या मनात कायमची रुजली. पुढे ते हुबळी, धारवाड, बेळगाव, पुणे, मुंबई, म्हैसूर असे कितीतरी ठिकाणी हिंडले. पण मीरासाहेबांच्या उरुसाला मिरजेत येऊन गाण्याचा नेम त्यांनी सोडला नाही. जन्माने ते उत्तरेचे असले, तरी मन मिरजेत गुंतलेले होते.

खाँसाहेबांच्या प्रवासातील सामानात एक वस्तू अशी असे की, ती दुसऱ्या कोणत्याही गवयाच्या सामानात सापडली नसती. ती म्हणजे वाद्यदुरुस्तीच्या हत्यारांची पेटी. जेथे जात तेथे ही पेटी ते बरोबर नेत. एखाद्या स्नेह्याचे वाद्य बिघडले आहे असे कळले की, आपला मोठेपणा बाजूला ठेवून ते स्वतः दुरुस्तीला बसत. ज्याचे गाणे ऐकण्यासाठी राजेमहाराजे खोळंबून राहत, तो गवई मांडीवर मोडका तंबोरा घेऊन कानस चालवीत बसलेला पाहणे, हे त्या काळच्या लोकांना नवलाचे वाटत असले पाहिजे. कारण वाद्य दुरुस्त करणे हे कारागिराचे काम, गवयाने त्याला हात लावू नये, अशी तेव्हा सर्वसाधारण समजूत होती. खाँसाहेबांनी ती कधी मानली नाही.

जुने वाद्य दुरुस्त करणे ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. तंबोऱ्याचेच उदाहरण घ्या. माळ्यावर अनेक वर्षे पडून राहिलेल्या तंबोऱ्याला धूळ, उंदीर आणि दमट हवा यांनी ग्रासलेले असते. भोपळ्याला चीर गेलेली असते. त्यावर बसविलेली लाकडी तबली तारांच्या ताणाने मधोमध दबलेली असते. खुंट्या सैल होऊन फिरतात, म्हणून तार चढविली की क्षणात उतरते. भोपळा आणि दांडी यांचा सांधा सुटलेला असतो. हे सर्व दोष डोळ्यांना दिसतात, आणि चांगला सुतार ते बरेचसे दूर करू शकतो. परंतु तेवढ्याने वाद्य बोलू लागत नाही.

खरी परीक्षा पुढेच असते. तबलीवर एक रुंद घोडी असते आणि तिच्यावरून तारा जातात. या घोडीचा माथा सपाट दिसतो, पण सपाट नसतो. त्याला फार सूक्ष्म असा उतार दिलेला असतो. तार छेडली की ती त्या उतारावर हलकेच टेकत, सुटत, पुन्हा टेकत कंप पावते, आणि त्यातून मधमाश्यांच्या गुंजारवासारखा भरलेला नाद उमटतो. या गुणाला जवारी म्हणतात. वर्षानुवर्षे तारा घासून घोडीवर चरे पडतात आणि जवारी बिघडते. मग कानशीने तो माथा पुन्हा घासावा लागतो. एखादा हात जास्त पडला तर नाद रुक्ष होतो, कमी पडला तर बोथट राहतो. किती घासावे, हे पट्टीने मोजता येत नाही; ते कानाने मोजायचे असते. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक धागा सरकवितात. तो केसभर पुढे-मागे केला की तार एकाएकी खुलते. याच ठिकाणी नुसता सुतार थांबतो, आणि ज्याचा कान तयार आहे त्याचे काम सुरू होते. अब्दुल करीम खाँ यांच्याजवळ हात आणि कान दोन्ही होते.

चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यात एक चमत्कार घडतो. त्याच्या चार तारांपैकी एक बहुधा पंचमात, दोन षड्जात आणि शेवटची जाड तार खर्जात लावलेली असते. गांधाराची तार त्यात मुळीच नसते. तरीही खर्जाची तार नीट लागली की तिच्या पोटातून गांधार आपोआप ऐकू येतो. कोणतीही तार एकाच वेळी सबंध लांबीने आणि तिच्या अर्ध्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या भागांनीही कंप पावते, असे शास्त्र सांगते. त्यांतील पाचव्या भागाचा आवाज तो हा गांधार. मैफलीपूर्वी खाँसाहेब तंबोरे लावण्यात पुष्कळ वेळ घालवीत. त्या नादात आपला आवाज इतका मिसळून देत की, तंबोरा कोठे संपला आणि गळा कोठे सुरू झाला हे ऐकणाऱ्याला उमगत नसे.

या त्यांच्या कानाची मोठी कसोटी सांगली आणि सातारा येथील दोन गृहस्थांमुळे लागली. त्यांपैकी पहिले कृष्णाजी बल्लाळ देवल. नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचे हे वडील बंधू. डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यावरून निवृत्त झाल्यावर सांगलीस त्यांनी एका जुन्या कोड्याचा पिच्छा पुरविला. भरताच्या आणि शार्ङ्गदेवाच्या प्राचीन ग्रंथांत एका सप्तकात बावीस श्रुती असतात असे म्हटले आहे. आपण स्वर म्हणतो सात, कोमल-तीव्र धरून बारा. मग या बावीस श्रुती कोणत्या? आजच्या गळ्यांत त्या उरल्या आहेत की ग्रंथांतच राहिल्या आहेत? दुसरे गृहस्थ अर्नेस्ट क्लेमेंट्स, हे सातारचे जिल्हा न्यायाधीश. हे इंग्रज असूनही हिंदी संगीतात रमले होते. दिवसा कचेरीत खटले चालवावेत आणि उरलेल्या वेळी षड्ज-पंचमाचे गणित मांडावे, असा त्यांचा क्रम असावा.

ग्रंथांतील शब्द कितीही पारखले तरी सूर कानावर पडल्यावाचून निवाडा होणार नव्हता. त्यासाठी ज्याचा सूर अढळ आहे असा गवई हवा होता. आणि त्याहूनही दुर्मीळ म्हणजे, आपला सूर मोजू देण्यास तयार असणारा गवई हवा होता. त्या काळी अनेक उस्ताद आपली विद्या पेटीतल्या दागिन्यासारखी लपवून ठेवीत. शिष्यालाही ती सहज देत नसत, मग परक्याला कोठून देणार? शिवाय यात मानहानीचे भय होते. कोणाही मोठ्या गवयाला, आपला स्वर तारेवर मापून पाहिला जावा आणि तो चुकला असे एखाद्या सरकारी अधिकाऱ्याने सांगावे, हे कसे रुचावे? अब्दुल करीम खाँ यांनी हे भय बाळगले नाही. त्यांनी देवलांना आपला गळा मोकळेपणाने दिला.

अशा प्रयोगाची रीत साधी असते. लाकडी फळीवर एक तार ताणून बसवावी आणि तिच्याखाली सरकती घोडी ठेवावी. मोकळी तार गवयाच्या षड्जात मिळवावी. मग गवयाने एखादा स्वर स्थिर लावावा, आणि तारेचा सूर त्याच्याशी तंतोतंत जुळेपर्यंत घोडी सरकवीत न्यावी. जुळल्यावर तारेची लांबी मोजावी. समजा, मोकळी तार 90 सेंटीमीटर आहे. तिची लांबी 45 केली की तार षड्ज निघतो, 60 ठेवली की पंचम निघतो, आणि 72 ठेवली की शुद्ध गांधार मिळतो. आता परदेशातून आलेल्या पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, गांधार याच तारेवर शोधला तर लांबी 72 भरत नाही; ती सुमारे 71.4 भरते. फरक अर्ध्या सेंटीमीटरहून थोडाच अधिक. पण तेवढ्याने पेटीचा गांधार किंचित चढा लागतो, आणि तंबोऱ्याच्या खर्जातून उमटणाऱ्या गांधाराशी भांडू लागतो. पेटीतील बारा स्वर सारख्या अंतरांवर बसविलेले असतात, म्हणून हे घडते. ज्याचा कान तयार आहे त्याला ते खड्यासारखे टोचते.

खाँसाहेबांच्या स्वरांच्या आधारे देवलांनी आपली मापे पडताळून पाहिली आणि 1910 साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत एक पुस्तक प्रसिद्ध केले. क्लेमेंट्स यांचे पुस्तक 1913 साली निघाले. या दोघांच्या खटपटीने श्रुतींची वेगवेगळी स्थाने दाखविणारी एक खास हार्मोनियमही विलायतेत तयार करवून घेण्यात आली.

सर्वांनाच हे पटले असे मात्र नाही. 1916 साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तेथे श्रुतींच्या प्रश्नावर बराच खल झाला. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्यासारख्या विद्वानांना देवल-क्लेमेंट्स यांची मांडणी मान्य नव्हती. पुढे अधिक अचूक यंत्रे आली, तेव्हा एकाच रागात एकच गवई तोच स्वर किंचित वेगवेगळ्या उंचीवर लावतो, असेही दिसून आले. श्रुतींचा वाद त्यामुळे आजही मिटलेला नाही. हार्मोनियमच्या दोषाचे मात्र पुष्कळांना पटले होते. 1940 साली आकाशवाणीने हार्मोनियमवर जी बंदी घातली, ती 1971 पर्यंत पूर्ण उठली नाही. असो. देवलांचे उत्तर पूर्ण बरोबर होते की नाही, हा प्रश्न पंडितांचा. एका खानदानी गवयाने आपला सूर मापपट्टीपुढे ठेवण्याचे धैर्य दाखविले, ही गोष्ट त्या वादापेक्षा निराळी आहे आणि मोठी आहे.

विद्या लपवायची नाही, हा त्यांचा बाणा शाळेच्या रूपानेही प्रकट झाला. 1913 साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. विद्यार्थी त्यांच्याजवळच राहत, जेवत आणि पहाटे उठून खर्जाचा रियाज करीत. गरीब मुलांच्या खाण्यापिण्याचा आणि कपड्यालत्त्याचा भार खाँसाहेबच उचलीत. त्यासाठी पैसा उभा करायला जलसे करावे लागत. अशा जलशांत त्यांचा एक शिष्य मोठा लोकप्रिय होता. तो म्हणजे टिपू मियाँ नावाचा कुत्रा! खाँसाहेबांनी त्याला सुरात सूर मिळविण्यास शिकविले होते. लोक हसत, टाळ्या पिटीत आणि तिकिटे काढीत. माणसांतील शिष्यांत रामभाऊ कुंदगोळकर हे पुढे सवाई गंधर्व म्हणून गाजले. खाँसाहेबांची मुले सुरेशबाबू माने व हिराबाई बडोदेकर यांनीही गाण्यात मोठे नाव मिळविले. मात्र 1922 च्या सुमारास खाँसाहेबांचे कुटुंब दुभंगले; पत्नी ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. जी मुले पुढे महाराष्ट्राने डोक्यावर घेतली, त्यांचा सहवास बापाला उरला नाही. तुटलेले तंबोरे सांधणाऱ्या या माणसाला घराचा तडा मात्र सांधता आला नाही. ते मिरजेस येऊन राहिले.

दक्षिणेतील संगीताविषयीही त्यांना मनापासून आदर होता. म्हैसूर दरबारात ते अनेक वेळा गेले आणि तेथे त्यांना संगीतरत्न ही पदवी मिळाली. कर्नाटक पद्धतीच्या विद्वानांशी बसून त्यांनी त्यांच्या सरगमाचा अभ्यास केला, आणि त्यागराजांची रचनाही ते गायिले. उत्तरेच्या गवयाने दक्षिणेच्या संगीताकडे विद्यार्थ्याच्या वृत्तीने पाहावे, ही त्या काळी नवी गोष्ट होती. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. झिंझोटी, भैरवी, वसंत अशा रागांतील त्यांचे गाणे दुकानादुकानांतून वाजू लागले. मराठी नाटकांतील पदेही त्यांनी तबकड्यांवर गायिली. त्यांची झिंझोटीची तबकडी कर्नाटकातील एका लहान मुलाच्या कानी पडली आणि तो इतका वेडावला की, असा गुरू शोधण्यासाठी घर सोडून पळाला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. त्यांना अखेरीस गुरू लाभले ते सवाई गंधर्व.

1937 सालच्या ऑक्टोबर महिन्यात खाँसाहेब मद्रासेस गेले होते. तेथून पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात गाण्यासाठी ते रेल्वेने निघाले. रात्रीची वेळ होती. वाटेत त्यांच्या छातीत कळा येऊ लागल्या. सिंगपेरुमाळ कोईल नावाच्या एका लहानशा स्थानकावर मंडळींनी त्यांना खाली उतरविले. फलाटावर अंथरूण पसरले. जवळपास ना मोठे शहर होते, ना कोणी वैद्य. खाँसाहेब थोडा वेळ शांत पडले आणि मग उठून बसले. आता काय होणार हे त्यांनी ओळखले असावे. त्यांनी तंबोरा जुळवायला सांगितला. त्या आडगावच्या फलाटावर, कंदिलांच्या उजेडात, षड्ज लागला. दरबारी कानड्याच्या सुरांत त्यांनी ईश्वराची प्रार्थना केली. आणि ती आटोपल्यावर ते आडवे झाले, ते पुन्हा उठले नाहीत. तो दिवस 27 ऑक्टोबर 1937 हा होता.

त्यांचा देह मद्रासहून मिरजेस आणण्यात आला आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्याला विसावा मिळाला. तेथे दर वर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीताची बैठक होते. दूरदूरचे गवई येतात आणि गाऊन जातात. इकडे सतारमेकर गल्लीत कामे चालूच असतात. कोणी भोपळा पाण्यात भिजवून त्याला आकार देत असतो, कोणी तुनीच्या लाकडाची दांडी रंधून काढीत असतो; आणि एखाद्या घरी कोणाच्या तरी आजोबांचा जुना तंबोरा मांडीवर घेऊन कारागीर घोडीवर कानस फिरवितो, तार छेडतो, कान देतो, आणि पुन्हा एकवार कानस फिरवितो.